चघाळ, राख आणि मेथीचा वाफा

जुन्या किल्लारीत आमच्या वाड्याच्या मागच्या दाराला दिवसा कधी कडी लागलीच नाही. त्या दाराबाहेर गोठा, गोठ्याला लागून उकिरडा आणि उकिरड्याच्या उतरत्या अंगाला भाजीचे आठ वाफे. मेथी, शेपू, पालक, चुका, तांदुळजा, कोथिंबीर, एकात लसणाची पात, आणि कडेच्या वाफ्यात ज्याला जे लावावंसं वाटेल ते. तीन चुलत्यांची मिळून आम्ही आठ भावंडं त्या दाराने आत-बाहेर करतच वाढलो. पुढची ढाळज मोठ्या माणसांची, पाहुण्यांची, तलाठ्याची. मागचं दार आमचं. आज आम्ही लातूर, पुणे, सोलापूर असे पांगलोय, एक भाऊ तेवढा किल्लारीत आहे. पण लग्नकार्यात कुठेही चौघं एकत्र बसलो की बोलणं फिरून त्या वाफ्यांपाशी येतं.

कामं वाटलेली होती. थोरल्या अक्काकडे चुलीची राख. तुराट्यांची राख पांढरी आणि मऊ, ती वेगळ्या मडक्यात ठेवायची. गोवऱ्यांची राख भांडी घासायला. मुलांकडे चघाळ. रात्री दावणीत टाकलेल्या कडब्यातली पानं जनावरं निवडून खातात, जाड धाटं पायाखाली जातात, मुतानं भिजतात, तुडवली जातात. सकाळी खराट्याने ओढून काढायची ती ही चघाळ. धाकट्यांकडे स्वयंपाकघरातली पाटी. तिच्यात भाजीची देठं, कांद्याच्या पाती, शेंगांची टरफलं, निवडलेल्या डाळीतला कोंडा, चहाचा चोथा. मी सगळ्यात धाकटी, म्हणून पाटी माझ्याकडे. परकर आवरत, पाटी कमरेवर धरून गोठा ओलांडायचा आणि पाटी रिकामी करून त्यावर ओंजळभर शेण नाहीतर चघाळ ओढायची. उघडं टाकलं तर माशा होतात आणि मोठ्या आईचं बोलणं ऐकावं लागतं, दोन्ही नको असायचं.

मोठी आई म्हणजे आमची आजी. उकिरड्याचे कायदे तिचे. मीठ घातलेलं खरकटं तिथे टाकायचं नाही, ते कुत्र्याला. डाळ-तांदळाचं धुवण म्हशीला. देवाचं निर्माल्य उकिरड्यावर अजिबात नाही, ते न्हाणीमागच्या केळीच्या बुडाशी. चिंचोके, बाभळीचे काटे, चिंध्या, पत्रा काही नाही. न्हाणीचं पाणी एका चरीतून अळूला जायचं आणि उन्हाळ्यात उकिरडा कोरडा पडला की तेच पाणी घागरीने त्याच्यावर. "कोरडा उकिरडा झोपतो," ती म्हणायची. महिन्यातून एकदा तात्या, म्हणजे आमचे थोरले चुलते, दाताळ्याने वरचं खाली करायचे. थंडीच्या पहाटे त्यातून वाफ निघायची. आम्ही तिथे हात शेकायचो.

एवढे कायदे असूनही एक गोष्ट उकिरड्यात जायचीच. काचेच्या बांगड्यांचे तुकडे. शेण काढताना, धुणं आपटताना बांगडी फुटायची, तुकडे झाडलोटीत जायचे आणि वर्षा-दीड वर्षाने मेथी उपटताना वाफ्यात चमकायचे. सगळं कुजून माती होतं, काच तशीच राहते. कोणता तुकडा कुणाचा ते आम्ही ओळखायचो. हिरव्यावर सोनेरी ठिपके धाकट्या काकूचे. नुसता गडद हिरवा मोठ्या आईचा. लाल म्हणजे आत्या माहेरपणाला येऊन गेली. काड्यापेटीत ते जमवायचे आणि दुपारी ढाळजेच्या पायरीवर मांडून खेळायचं.

पाडव्यानंतर उकिरडा उपसायचा. बैलगाड्या भरभरून खत रानात जायचं, पण तळाचा दीड हात जाडीचा थर मोठी आई कुणाला नेऊ देत नसे. तो परसातल्या भाजीचा. तळातलं खत काळं, मऊ, हलकं. मुठीत दाबलं तर गोळा व्हायचा आणि बोटाने ढकललं की फुटायचा. ती मूठ नाकाशी न्यायची. वळवाच्या पहिल्या सरीचा वास आला तर पास. शेणाचा वास आला, किंवा धाटाची एखादी कांडी ओळखू आली, तर "आजून कच्चं हाय, पंधरा दिस थांब." तिच्या तोंडचं हे वाक्य आमच्या घरात बाकी कामांनाही लागू झालं होतं.

मोठ्या भावाने एकदा थांबायचं नाकारलं. तेव्हा तो नववीत असेल. शेपूच्या वाफ्यात त्याने अर्धकच्चं खत मिसळलं. आठ-दहा दिवसांत रोपं वीतभर न होताच पिवळी पडली, खालची पानं आधी. खत घालूनही पीक उपाशी कसं, हे त्याच्या डोक्यात राहिलं. पुढे तो परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकायला गेला आणि सुट्टीत आल्यावर चुलीपुढे बसून त्याने आम्हाला समजावलं. कडब्याच्या धाटात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे साठ-सत्तर भाग असतात. धाट कुजवणाऱ्या बारीक जिवांना कर्बाबरोबर नत्रही लागतं. धाटात ते पुरत नाही, म्हणून ते मातीतलं ओढून घेतात. तेवढे दिवस शेपूला काही उरत नाही. कुजणं पुरं झालं, हे प्रमाण वीसास एकच्या आत आलं, की तेच नत्र मोकळं होऊन पिकाला मिळतं. पालेभाजीचा तर सगळा जीव पानात. नत्र नाही तर पान नाही. मेथी त्यातल्या त्यात सोसते, कारण शेंगवर्गातली असल्याने तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात. पालक-शेपूला ती सोय नाही.

मोठी आई ऐकत होती. भावाने मग अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाचंही सांगितलं. १९२४ ते १९३१ त्याने इंदूरला राहून शेण, पालापाचोळा, जनावरांखालचं गवत-धाट, राख यांचे थर देऊन खत करायची पद्धत बसवली आणि ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. मोठी आई म्हणाली, "त्या सायबाच्या उकिरड्यात बांगड्या निघत होत्या का इचार." आम्ही सगळे हसलो, ती हसली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आमची माती काळी, चिकट. पावसात लोण्यासारखी पायाला धरते आणि उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत पालेभाजीचं बी फेकून दिलं तर वरची पापडी फोडून कोंब वर येत नाही, आला तर पाणी साचून बुड कुजतं. परसातली आठ वाफ्यांची माती मात्र खुरपं टेकवलं की आपोआप सुटायची. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का आणि युरियात ४६ टक्के, हे आकडे आमच्या भावालाही पाठ होते आणि रानातल्या ज्वारीला, पुढे उसाला, घरात युरियाची पोती येऊ लागलीच होती. पण युरियाने माती भुसभुशीत होत नाही. वर्षानुवर्षं टाकलेल्या चघाळीने होते. परसात युरियाचं पोतं कधी आलं नाही. मोठ्या आईने मनाई केली नव्हती, गरजच पडली नाही.

राखेचं काम सकाळचं. दव असतानाच मेथीवर, चुक्यावर तुराट्याची राख बोटांच्या फटीतून सोडायची. दवाने ती पानाला धरते आणि मावा हटतो. ऊन चढल्यावर राख टाकली तर वाऱ्याने डोळ्यात जाते, आणि ते आम्हाला दरवर्षी एकदा तरी शिकावं लागायचं.

दिवाळीत शेणाच्या गवळणी अंगणात मांडायच्या आणि संध्याकाळी एक पणती उकिरड्यावर. बाकीच्या पणत्या आम्ही पोरं लावायचो, ही मोठी आई स्वतः लावायची, डोक्यावरचा पदर सारखा करून. पुढे दोन महिन्यांनी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गावं रिकामी होतात, सगळे रानात. कडब्याच्या कोपीत पूजा, आंबील, उंडे आणि भज्जी. आमच्या भज्जीतला हरभरा, तूर, वाल रानातला, पण मेथी, पात, चुका परसातला. पहाटे कंदिलाच्या उजेडात आम्ही तो खुडायचो. बोटांना चुक्याचा आंबट वास आणि नखात काळी माती. रानात जेवताना त्याच हातांनी उंडा कुस्करायचो.

१९९३ च्या २९ सप्टेंबरला गणपती बोळवले. पाऊस होता. मंडळी उशिरा झोपली. म्हैस विणार होती म्हणून मोठी आई गोठ्यातच बाजेवर आडवी झाली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हलली. लादणीची घरं, दोन-दोन हात रुंद दगड-मातीच्या भिंती, वर माळवद. दर पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती पसरायची आमची चाल, म्हणजे पिढ्यान् पिढ्या ते जड होत गेलेलं. ते सगळं काही क्षणांत खाली आलं. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. आमच्या घरात तात्या, धाकटी काकू आणि आमच्यातला एक. आठ होतो, सात राहिलो.

गोठ्यावर माळवद नव्हतं. तुराट्यांचा कूड आणि वर पाचट. तो एका अंगाला कलला, एवढंच. बैल, म्हैस आणि मोठी आई जिवंत राहिली. उजाडल्यावर वाडा नव्हता, ढाळज नव्हती, मागचं दारही नव्हतं. उकिरडा होता तसा होता. त्यावर आदल्या दिवशीची, मी रिकामी केलेली पाटी होती. दोडक्याच्या साली, काकडीच्या बिया. वर पाऊस पडत होता.

पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बरेच महिने काढले. सगळ्या देशातून धान्य आलं, कपडे आले, भांडी आली. माणसं आमच्यासाठी धावली हे आम्ही विसरलेलो नाही. पण ताटात हिरवं काही नसायचं. मोठ्या आईने पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली आणि शेडच्या मागे ठेवला. त्यात कांद्याची टरफलं, चुलीची राख, बैलांचं शेण. शेजारच्या शेडमधल्या बायका बघायला आल्या. दोन आठवड्यांत त्या रांगेत आणखी काही डबे दिसू लागले.

डबा हळू भरतो. थंडी सुरू झाली, बी टाकायचे दिवस निघून चालले. तेव्हा जुन्या गावातल्या उकिरड्याच्या तळाचं खत आणायचं ठरलं. त्याच सुमाराला बरेच जण पडलेल्या भिंतींची माती गाड्यांत भरून रानात नेत होते. यात वावगं काही नाही. पांढरीची माती, जुन्या भिंतींची माती, हे आमच्याकडे नावाजलेलं खत. वर्षानुवर्षं माणसा-जनावरांच्या सहवासाने भिंतीत लोणा धरतो, त्यात सोरा असतो, म्हणजे नत्रच. पूर्वी आमचीच एक भिंत पडली होती तेव्हा मोठ्या आईने तिची माती टोपल्या-टोपल्यांनी वाफ्यांना घातली होती आणि त्या वर्षी पालकाचं पान तळहाताएवढं आलं होतं. हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणून दादांनी, माझ्या वडिलांनी, विचारलं, "उकिरड्याबरोबर भिंतीची पण दोन गाड्या घ्यावी का?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या मातीतली भाजी मला जाणार न्हाई रे."

दादांनी पुन्हा विचारलं नाही. गाडी फक्त उकिरड्यावर गेली. आम्ही मुलंही गेलो. खत तळाचंच होतं, वर्षाचं मुरलेलं, हाताला तसंच हलकं. शेडपाशी आणून मोठी आई ते चाळणीने चाळत बसली. चाळणीवर खडे राहिले, एक-दोन धाटं राहिली आणि हिरव्यावर सोनेरी ठिपके असलेले बांगडीचे पाच-सहा तुकडे राहिले. आम्ही तिथेच बसलो होतो. कुणी हात पुढे केला नाही. मोठ्या आईने ते एकेक उचलले, पदराने पुसले आणि कमरेच्या चंचीत सुपारीबरोबर ठेवले. मग पुन्हा चाळायला लागली. ती चंची तिने शेवटपर्यंत कुणाच्या हातात दिली नाही.

त्या खतावर शेडच्या मागे दोन वाफे झाले. मेथी तिसऱ्या दिवशी वर आली आणि महिनाभरात खुडायला. पहिल्या जुड्या डाव्या-उजव्या शेडमध्ये दिल्या. घरी भाजी शिजली तेव्हा कुणाला जेवताना बोलता आलं नाही. मीठ जास्त झालं होतं, तेही कुणी सांगितलं नाही.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचं पक्कं घर. नव्या किल्लारीत रस्ते सरळ, चौक रुंद, घरात भीती कमी. ही घरं मजबूत होती आणि त्या वेळी आम्हाला तेच सर्वांत आधी हवं होतं. पण त्या आखणीत गोठा कुठे आणि उकिरडा कुठे, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. अंगणात बांधकामाचा मुरूम पसरलेला. रान लांब, त्यामुळे अनेकांनी जनावरं रानात हलवली किंवा विकली. घर एकीकडे, शेण एकीकडे, भाजीची देठं गटारीकडे. आमच्या मते जुन्या गावातून नव्या गावात जाताना सुटलेली सर्वांत मोठी कडी हीच.

भावाने ती आपल्यापरीने जोडली. उरलेल्या विटांची त्याने परसात नाडेप टाकी बांधली. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ही रीत बसवली, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून नाडेप. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, विटांमध्ये हवेसाठी फटी. काडीकचरा, शेणकाला, माती यांचे थर देऊन वरून लिंपायची. तीन-चार महिन्यांत खत. हिची खुबी अशी की शंभर किलो शेणात टाकीभर, अडीच-तीन टन खत होतं. जनावरं कमी झालेल्या गावाला याची गरज होती. मोठी आई लिंपलेल्या टाकीवर हात ठेवून ऊब बघायची, जशी जुन्या उकिरड्यावर बघायची.

भूकंपानंतर आमच्या भागात बायकांबरोबर काम उभं राहिलं त्यात प्रेमा गोपालन यांची स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था होती. सुरुवात घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यापासून झाली. पुढे दुष्काळ वाढले तसं या बायकांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर स्वतःच्या हाती मागून घेतला. त्यात नगदी पीक नाही. आधी घरचं ताट, मग बाजार. पालेभाज्या, कडधान्यं, आणि खत घरच्या काडीकचऱ्याचं, गांडुळाचं. २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. जे मोठ्या आईने डब्यात केलं तेच शेकडो बायका एकरात करत होत्या, आणि ती जमीन आमची म्हणून सांगत होत्या. मोठ्या आईने आयुष्यभर आठ वाफे राखले, पण सातबाऱ्यावर तिचं नाव कधी नव्हतं. हे आम्हाला लागतं.

त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. लातूरची अक्का तेव्हा तांदूळ धुतलेलं पाणी घमेल्यात साठवून गच्चीवरच्या कुंड्यांना घालायची. कुंड्यांत निम्मं खतच. खत पाणी धरून ठेवतं, त्यामुळे एक तांब्या दोन दिवस पुरायचा. त्या उन्हाळ्यात तिच्याकडे तांदुळजा होता. आम्हाला तिने फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं.

आता आमचा भावंडांचा व्हॉट्सअॅपवर गट आहे. त्यात लग्नपत्रिका येतात, औषधांची नावं येतात आणि पानांचे फोटो येतात. पुण्यात माझ्या बाल्कनीत दोन माठ आहेत, एकात भरती, एकात मुरती. कडबा नाही, म्हणून मी वाळलेली पानं आणि नारळाच्या शेंड्या घालते. राख नाही, ती किल्लारीहून पिशवीतून येते. सोलापूरच्या बहिणीची सून हल्लीच या गटात आली आहे. परवा तिने शेपूच्या कुंडीचा फोटो टाकला. रोपं वीतभर, खालची पानं पिवळी. विचारलं, "आत्या, खत तर भरपूर घातलंय. काय चुकलं?"

मी लिहायला घेतलं, तोवर तिघांची उत्तरं येऊन गेली होती. तिन्ही सारखीच.

"आजून कच्चं हाय. पंधरा दिस थांब."